पोकेमॉनच जेव्हा एनर्जी व्हायचा: इलेक्ट्रोड ते होलॉन्स कॅस्टफॉर्म

२००६-०७ च्या आसपासच्या पोकेमॉन कार्ड डेकांच्या (खेळाडूनं निवडलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यांच्या) याद्या आज वाचल्या तर एनर्जीचा, म्हणजे हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायच्या कार्डांचा, रकाना बऱ्याचदा अपुरा वाटतो. इतक्या कमी एनर्जीवर हे लोक खेळत कसे होते, असं वाटणं साहजिक आहे. उत्तर त्याच यादीत, पण पोकेमॉनच्या रकान्यात असतं: होलॉन्स कॅस्टफॉर्म.

पोकेमॉननं एनर्जीचं काम करायचं ही कल्पना मात्र पहिल्या संचाइतकी जुनी. तो संच जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये आला आणि इंग्रजीत जानेवारी १९९९ मध्ये. त्यातल्या इलेक्ट्रोडकडे बझॅप नावाची पॉवर, म्हणजे हल्ल्याव्यतिरिक्तची खास क्षमता, होती. आपल्या पाळीत, हल्ल्याआधी, इलेक्ट्रोडला स्वतःच नॉकआउट (बाद) करायचं आणि दुसऱ्या पोकेमॉनला जोडायचं. मग तो आपण सांगू त्या प्रकारच्या (आग, पाणी वगैरे) दोन एनर्जी द्यायचा. पाळीतली नेहमीची एक एनर्जी वेगळी लावता येत असल्यामुळे एका पाळीत तीनची भर पडे. चारिझार्डच्या फायर स्पिनला चार एनर्जी लागत आणि नुकसान होई १००. म्हणजे एकच एनर्जी असलेला चारिझार्ड त्याच पाळीत हल्ला करू शके.

किंमत जबर होती. व्होल्टॉर्ब आणि त्यातून उत्क्रांत होणारा इलेक्ट्रोड ही दोन कार्डं खर्ची पडत आणि वर समोरच्याला एक प्राइझ मिळे (आपली सगळी प्राइझ कार्डं आधी घेणारा जिंकतो). समोरच्याचं एनर्जी कार्ड काढून टाकणारं एनर्जी रिमूव्हल तेव्हा जिकडेतिकडे खेळलं जायचं, त्या एका कार्डानं इलेक्ट्रोडच्या दोन्ही एनर्जी एकदम जात. इतरांच्या पॉवर बंद करणारा फॉसिल संचातला मक मैदानात असला तर बझॅप वापरताच येत नसे. त्या काळातल्या आघाडीच्या डेकांत इलेक्ट्रोडला पक्की जागा मिळाली नाही, याचं मला नवल वाटत नाही.

२००३ मध्ये इंग्रजी आवृत्तीचा कारभार नव्या कंपनीकडे गेला आणि २००५ च्या शेवटी डेल्टा स्पीशीज संच आला. होलॉन प्रदेशातल्या विद्युतचुंबकीय लहरींमुळे पोकेमॉनचे प्रकार बदलले, अशी त्यामागची कथा. त्या संचात होलॉन्स मॅग्नेमाइट, व्होल्टॉर्ब, मॅग्नेटॉन आणि इलेक्ट्रोड होते. २००६ च्या होलॉन फँटम्समध्ये कॅस्टफॉर्मची भर पडली. ही कार्डं हातातून थेट एनर्जी म्हणून लावता येत. कोणी नॉकआउट होत नसे, त्यामुळे समोरच्याला प्राइझही जात नसे. ही सोय पॉवरच्या नावाखाली न देता कार्डावर वेगळी छापलेली होती, त्यामुळे पॉवर बंद करणाऱ्या कार्डांचा तिच्यावर परिणाम होत नसे. पाळीतली एकमेव एनर्जी मात्र तीच धरली जाई.

सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो कॅस्टफॉर्मच्या अटीमुळे. ज्या पोकेमॉनवर आधीच एनर्जी आहे त्यालाच तो लावता येई, आणि लावताना त्या पोकेमॉनवरचं एक एनर्जी कार्ड हातात परत घ्यावं लागे. बदल्यात तो सर्व प्रकारच्या, पण एका वेळी दोन एनर्जी देई. नवखे खेळाडू याला वेगाचं कार्ड समजत. प्रत्यक्षात एक एनर्जी असलेल्या पोकेमॉनवर कॅस्टफॉर्म लावला की एकाच्या दोन होत, आणि साधी एनर्जी लावली असती तरी दोनच झाल्या असत्या. फायदा दोन ठिकाणी होता: प्रकाराची अडचण मिटायची आणि परत आलेलं कार्ड पुढच्या पाळीसाठी हातात राहायचं. डबल रेनबो एनर्जीही सर्व प्रकारच्या दोन एनर्जी देई, पण ती फक्त उत्क्रांत पोकेमॉनला चाले आणि हल्ल्यातून १० कमी करी. कॅस्टफॉर्मला यातलं एकही बंधन नव्हतं. परत घ्यायचं कार्ड आधी लावलेला दुसरा कॅस्टफॉर्मही असू शके, आणि हातात आल्यावर तो पुन्हा बेंचवर (राखीव जागेवर) बसवण्याजोगा पोकेमॉन होई.

इथूनच ओळखीचा प्रश्न येतो. जोडलेला असेपर्यंत कॅस्टफॉर्म ही स्पेशल एनर्जी. डेकमध्ये, हातात आणि टाकलेल्या पत्त्यांत तो बेसिक, म्हणजे उत्क्रांतीशिवाय थेट मैदानात ठेवता येणारा, पोकेमॉन. हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की बाकीचे वाद आपोआप सुटतात. एनर्जी शोधणारं कार्ड त्याला हात लावू शकत नाही, पण होलॉन मेंटॉर हे कार्ड त्याला डेकमधून काढतं, कारण ते १०० किंवा कमी एचपीचे (जीवनगुणांचे) तीनपर्यंत बेसिक पोकेमॉन शोधतं. सुरुवातीच्या हातात फक्त कॅस्टफॉर्म असला तर तो सक्रिय, म्हणजे लढणाऱ्या पोकेमॉनच्या, जागेवर ठेवावाच लागतो, मग एनर्जी म्हणून कितीही हवा असला तरी.

एकाच कार्डाला दोन ओळखी देणं चूक होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. ‘कार्ड जिथे आहे तिथली त्याची ओळख’ हा नियम बझॅपपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. आक्षेप घ्यायचाच तर तो ताकदीवर घ्यावा. सुरुवातीचा पोकेमॉन, डेल्टा ड्रॉ या हल्ल्यानं पत्ते ओढणारा आणि सर्व प्रकारच्या एनर्जी देणारा, अशी तिन्ही कामं एकच कार्ड करत होतं. ते डेकमध्ये का घेऊ नये याचं कारण शोधावं लागे, आणि बऱ्याच डेकांना ते सापडत नसे.

नंतरच्या काळात इलेक्ट्रोडचं स्वतःला उडवणं परत आलं. २०१० च्या ट्रायम्फंटमधला इलेक्ट्रोड प्राइम डेकच्या वरच्या सात पत्त्यांतली एनर्जी वाटून नॉकआउट होई. २०१८ चा इलेक्ट्रोड जीएक्स टाकलेल्या पत्त्यांतली पाच एनर्जी कार्डं जोडे, पण समोरच्याला दोन प्राइझ देऊन. दोन्ही वेळा इलेक्ट्रोड स्वतः मात्र एनर्जी न होता टाकलेल्या पत्त्यांतच गेला.