मामा तलावांत परका मासा : पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातल्या मामा तलावांच्या वरच्या अंगाला तिलापिया या परक्या माशाला परवानगी द्यावी का, असा वाद आहे. मामा तलाव म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारांचे (जमीनदारांचे) तलाव; मालगुजारी संपल्यावर ते सरकारजमा झाले. मासळीच्या बाजूने पाहिलं तर खरा बदल त्यानंतरचा आहे. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, सहकारी संस्थांकडे आला. ठेक्याची रक्कम भरायची तर मासा किलोने निघायला हवा. मरळ, शिंगी, मागूर हे बीज न टाकता आपोआप वाढणारे मासे हिशेबात मागे पडले. १९५७ साली इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन साधलं, तेव्हा रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडण्याचा मार्ग खुला झाला.

तिलापिया त्याआधीच, १९५२ मध्ये, देशात आला होता. मादी अंडी तोंडात जपते, पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात आणि बघता बघता तलाव बारीक माशांनी भरतो. म्हणूनच १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली. मग २००९ मध्ये सुधारित जातीच्या तिलापियाला अटींवर परवानगी मिळाली. मुख्य अट अशी की मासा बंदिस्त तळ्यातच राहावा, बाहेर पडू नये.

वाद इथेच आहे. कागदावर अट चोख दिसते, पण पूर्व विदर्भात बंदिस्त तळं म्हणायचं कशाला? बोडीचा (लहान तळ्याचा) सांडवा खालच्या तलावात उतरतो, त्या तलावाचा नाल्यात आणि नाला पुढे वैनगंगेला मिळतो. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतूनही मासा चढतो-उतरतो. हे तलाव मुळात शेतीला पाणी देण्यासाठी बांधले गेले आणि एकाचं पाणी दुसऱ्यात उतरतं. परवानगी देताना हा भूगोल विचारात घेतलाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा परका मासा थाई मागूर; तो देशी मागूरपेक्षा वेगळा. तो नव्वदच्या दशकात बांगलादेशमार्गे आला. २००० मध्ये त्यावर बंदी आली आणि २०१९ मध्ये साठे नष्ट करण्याचे आदेश निघाले. हा मासा हवेतून श्वास घेतो, इतर मासे खातो आणि कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर झपाट्याने वाढतो. बंदी असूनही तो टिकला तो या स्वस्त खाद्यामुळे.

भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढिवर बायकांनी बेशरम हे माजलेलं झुडूप उपटून तलावात पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासळी वाढू लागली. अशा तलावाच्या वरच्या अंगाला तिलापियाला परवानगी द्यायची झाल्यास खालच्या संस्थेची लेखी संमती आधी घेतली पाहिजे.