हीलर शिकतो कुठे?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये हीलर, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरून त्यांना जगवणारा, घेऊन नवं कॅरेक्टर सुरू केलं की पहिले कित्येक तास हील करायला कोणी मिळतच नाही. क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, देणारा सांगतो, दहा लांडगे मारून ये. आपण मारून येतो. मग म्हणतो, आता त्यांचा म्होरक्या मार. तोही मारतो. मधूनमधून स्वतःलाच एखादा हील टाकतो, तेवढाच काय तो सराव. आणि पंधराव्या-विसाव्या लेव्हलला कधीतरी चार अनोळखी लोकांबरोबर डंजनच्या, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयाराच्या, दारात उभं राहायची वेळ येते, तेव्हा चौघंही धरून चालतात की याला आपलं काम येतं.

या तिढ्याची मुळं शोधायला कागद-पेन्सिलीच्या काळात जावं लागतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावरचा खेळ 1974 मध्ये आला, तेव्हा त्यात कॅरेक्टरचे तीनच क्लास, म्हणजे प्रकार, होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. यातला क्लेरिक मुळात हीलर म्हणून जन्मलाच नव्हता. आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ मोहिमेत एक खेळाडू व्हँपायर होऊन बसला होता आणि तो कोणाला आवरेना. त्याला पुरून उरेल असा कोणीतरी हवा, म्हणून हा गदा घेतलेला धर्मगुरू आणला गेला. जखमा भरण्याची विद्या त्याला धर्मगुरूपणाबरोबर मिळाली. त्या पहिल्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही स्पेल, म्हणजे मंत्र, नव्हता. दुसऱ्या लेव्हलला एक मिळायचा. तो जखमा भरायचा घेतला, तर सहा बाजूंचा फासा टाकायचा, आलेल्या आकड्यात एक मिळवायचा आणि 2 ते 7 हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, परत द्यायचे. म्हणजे हीलरने पहिली लेव्हल हील न करता काढायची, ही चाल तेव्हापासूनची.

टेबलावर ते खपून जायचं. समोर खेळ चालवणारा डंजन मास्टर बसलेला, शेजारी मित्र, चूक झाली तर तिथेच कोणीतरी टोकणार. कॉम्प्युटरवर आल्यावर प्रश्न आणखी सोपा झाला, कारण अख्खी पार्टी एकाच माणसाच्या हातात होती. 1981 च्या ‘विझर्ड्री’त सहा जण, 1987 च्या ‘फायनल फँटसी’त चार. पुढे कोणाला ठेवायचं, मागे कोणाला, हील कधी द्यायचा, सगळं आपणच ठरवायचं, आणि तेही खेळी-खेळीने, हवा तेवढा वेळ घेऊन. व्हाइट मेज, म्हणजे ‘फायनल फँटसी’तला हीलर, चुकला तर रागावणाराही आपण आणि चुकणाराही आपणच.

खरी गोची झाली ती पार्टीतल्या प्रत्येक कॅरेक्टरमागे वेगळा माणूस आला तेव्हा. 1978 मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ सुरू केला, पण पुढच्या ऑनलाइन गेमांचा साचा जास्त करून पडला तो कोपनहेगन विद्यापीठात 1990 च्या आसपास लिहिल्या गेलेल्या ‘डिकूमड’मध्ये. सगळा खेळ अक्षरांचा. वॉरियर, क्लेरिक, थीफ आणि मॅजिक युजर असे चार क्लास. वॉरियरने ‘रेस्क्यू’ असं टाइप केलं की शत्रू दुसऱ्याला सोडून त्याच्या अंगावर यायचा, आणि क्लेरिकने स्पेलचं आणि माणसाचं नाव टाइप करून त्याला जगवायचं. लढाईच्या ओळी भराभर वर सरकत असताना, स्पेलिंग न चुकवता. माऊस नाही, जीव किती उरला ते दाखवणारा बार नाही. एकाने मार खायचा, एकाने त्याला उभं ठेवायचं, बाकीच्यांनी मारायचं, ही विभागणी इथे चांगलीच रुजली.

16 मार्च 1999 ला आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने हीच विभागणी त्रिमितीत आणली. आणि माझ्या मते हीलर शिकण्याच्या दृष्टीने हाच सगळ्यात कडक आणि सगळ्यात प्रामाणिक काळ. एकट्याने लेव्हल वाढवणं बहुतेक क्लासांना जडच जायचं. क्लेरिकला तर फारच. त्यामुळे तो सुरुवातीपासून सहा जणांच्या ग्रुपमध्ये. ग्रुप एका जागी ठाण मांडायचा, त्याला कॅम्प म्हणत. एक जण जाऊन शत्रू ओढून आणायचा, बाकीचे तो पाडायचे, पुन्हा तेच. तासन् तास. लढाई संपली की क्लेरिक मॅना, म्हणजे स्पेल टाकायची ताकद, भरायला खाली बसायचा, आणि सुरुवातीच्या लेव्हलांना बसताना स्पेलबुक उघडावं लागायचं. ते पडदा झाकून टाकायचं. समोर काय चाललंय ते दिसायचं नाही. आवाजावरून आणि चॅटवरून अंदाज घ्यायचा, वेळ आली की पुस्तक मिटून उभं राहायचं. कंटाळवाणं होतं, यात वाद नाही. पण एकाच प्रसंगाची शेकडो आवर्तनं एका संध्याकाळी घडायची, आणि टँकचा, म्हणजे पुढे राहून मार खाणाऱ्याचा, बार कोणत्या वेगाने उतरतो हे हाताला पाठ व्हायचं.

चुकीची किंमतही तशीच होती. मेलं की कमावलेला अनुभव कमी व्हायचा, कधी लेव्हलही खाली यायची, आणि सगळं सामान प्रेताजवळ पडून राहायचं. गेलेला बराचसा अनुभव परत मिळवून द्यायचा तर क्लेरिकच्या रिझरेक्शनची, म्हणजे मेलेल्याला उठवणाऱ्या स्पेलची, वाट बघावी लागे. साहजिकच क्लेरिकला मान होता आणि त्याच्या डोक्याला ताप.

39 व्या लेव्हलला त्याला ‘कम्प्लीट हील’ मिळायचा. हा स्पेल पूर्ण व्हायला 10 सेकंद लागत. दहा सेकंदांत ड्रॅगन टँकला दोनदा ठार करू शकतो. म्हणून हील जखम बघून द्यायचा नसतो, होणारी जखम धरून आधीच सुरू करायचा असतो, हे क्लेरिकला इथे कळायचं. रेडमध्ये, म्हणजे अनेक ग्रुपांनी मिळून केलेल्या मोठ्या लढाईत, क्लेरिकांची साखळी लावत: पहिल्याने सुरू केला की ठरलेल्या सेकंदांनी दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, प्रत्येकाने चॅटवर हाक देत, म्हणजे टँकवर थोड्या थोड्या वेळाने एकेक हील पडत राहील. आणि आपला हील लागणारच नाही असं शेवटच्या क्षणी दिसलं, तर कॅरेक्टरला खाली वाकवायचं. वाकलं की स्पेल मोडायचा आणि मॅना वाचायचा. मुरलेला क्लेरिक कधी वाकतो यावर ओळखू यायचा.

23 नोव्हेंबर 2004 ला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि त्याने एक उपकार केला, जो हीलरला महागात पडला. यात कोणीही एकटा शेवटच्या, म्हणजे साठाव्या लेव्हलपर्यंत जाऊ शकत होता. क्वेस्टमागून क्वेस्ट, कोणाची वाट न बघता. लाखो लोक या प्रकारात आले ते यामुळेच. पण त्याबरोबर हीलरची शाळाही बंद पडली. दहाव्या लेव्हलपासून टॅलेंट पॉइंट मिळायचे, आणि ते हील वाढवण्यात घातले तर लांडगा मरता मरत नसे. म्हणून प्रीस्टला, म्हणजे इथल्या हील करणाऱ्या क्लासला, सगळे एकच सल्ला देत: शॅडो (मारायची शाखा) घे, ‘स्पिरिट टॅप’मध्ये पॉइंट टाक, छडीने मार. मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे थोडा वेळ मॅना वेगाने भरायचा आणि पुढचा शत्रू लगेच घेता यायचा. चाळिसाव्या लेव्हलला तर ‘शॅडोफॉर्म’ मिळे. त्या रूपात असताना प्रीस्टला होली स्पेल, म्हणजे हीलही, टाकताच येत नसत. हील करणाऱ्या क्लासला अर्ध्या वाटेवर दिलेलं मोठं बक्षीस म्हणजे हील न करण्याची अवस्था! टॅलेंट बदलायचे तर ट्रेनरला पहिल्यांदा 1 गोल्ड, मग 5, मग 10, असं चढत 50 पर्यंत मोजावं लागे. त्या काळी ती चेष्टा नव्हती.

मग डंजन. ‘डेडमाइन्स’ घ्या, अलायन्स या गटाच्या बाजूने खेळणाऱ्या बऱ्याच जणांचं हे पहिलं. टँक चार जणांच्या टोळीवर धावतो, पण त्याची तलवार एकालाच लागलेली असते. त्याचा बार थोडा उतरतो आणि नवा हीलर घाबरून मोठा हील टाकतो. इथे गेमच्या पोटातलं एक गणित चालतं: भरलेल्या प्रत्येक पॉइंटमागे अर्धा पॉइंट राग हीलरच्या नावावर जमा होतो आणि तो लढाईतल्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. ज्या तिघांना टँकने अजून हातही लावलेला नाही, त्यांच्या यादीत आता हीलर वर. तिघंही वळून त्याच्याकडे येतात. तो पळतो. पळणं ही दुसरी चूक, कारण टँकला आता त्याच्यामागे धावावं लागतं आणि वाटेत आणखी एक टोळी जागी होते. मी पहिल्या डंजनमध्ये या दोन्ही चुका केल्या, याच क्रमाने. दोन सेकंद थांब आणि अंगावर आले तर टँकच्या दिशेने जा, एवढंच शिकायचं होतं. पण तोवरच्या अठरा लेव्हलांत ते शिकवणारा प्रसंगच आला नव्हता.

दुसरी न दिसणारी गोष्ट पाच सेकंदांची. मॅना खर्च करणारा स्पेल टाकला की पुढची 5 सेकंदं स्पिरिट या गुणामुळे आपोआप भरणारा मॅना थांबायचा. छोटे छोटे हील सारखे मारत बसणारा कायम रिकामा. एक नेमका हील टाकून हात वर घेणारा शेवटपर्यंत पुरायचा. त्यात लोक जुन्या, खालच्या रँकचे स्पेल मुद्दाम जपून ठेवत, कारण ते मॅनाच्या मानाने स्वस्त पडत. 2008 मध्ये सगळ्या रँकची किंमत सारख्याच हिशोबाने लागू झाली आणि ही काटकसर संपली.

याच काळात हीलरची नजर लढाईवरून उठली आणि बारांवर गेली. पार्टीच्या चौकोनांवर क्लिक करून हील देणारे छोटे जोड-प्रोग्रॅम, म्हणजे अॅडऑन निघाले. काही इतके हुशार होते की कोणाला काय द्यायचं तेही तेच ठरवत. डिसेंबर 2006 च्या 2.0 पॅचने (गेमच्या सुधारणेने) ते अडवलं. चौकोन राहिले. बॉस दिसायला कसा होता हे हीलरला विचारू नये, हा विनोद तेव्हापासून चालत आलाय.

हीलरची शाळा बंद करण्याची चूक दुरुस्त व्हायला वेळ लागला आणि ती तुकड्या-तुकड्यांनी झाली. 2007 च्या शेवटी 2.3 पॅचमध्ये हील वाढवणाऱ्या गियरवर (अंगावरच्या सामानावर) तिसरा हिस्सा स्पेल डॅमेज दिलं गेलं, म्हणजे हीलरला एकट्याने काहीतरी मारता यावं. एप्रिल 2009 मध्ये दोन टॅलेंट संच ठेवायची सोय आली: चाळिसाव्या लेव्हलपासून, 1000 गोल्डला. बाहेर मारायचा संच, आत हील करायचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डंजन फाइंडर आला. एक टँक, एक हीलर, तीन डीपीएस (मारणारे), आणि गेमच त्यांना जुळवून थेट डंजनमध्ये सोडणार. हीलर नेहमीच कमी, म्हणून डीपीएस रांगेत ताटकळत असताना त्याला पटकन बोलावणं यायचं. आता पंधराव्या लेव्हलपासून फक्त डंजन करत वर जाणं शक्य झालं. 2011 मध्ये तर जी भूमिका कमी पडेल तिला वरून बक्षीसही द्यायला लागले.

पण कॅम्पमध्ये सहा ओळखीचे लोक तासभर एकत्र असायचे. इथे वीस मिनिटांत पाच जण एक शब्द न बोलता आत-बाहेर. चुकणाऱ्याला समजावण्यापेक्षा मत टाकून काढून टाकणं सोपं. त्यात खालची डंजन इतकी सैल झाली होती की हीलर झोपला तरी टँक मरेना. डिसेंबर 2010 च्या ‘कॅटॅक्लिझम’ या विस्तारात हेल्थ वाढली, मॅना पुन्हा मोजून वापरावा लागला, कोणाला आधी वाचवायचं ते निवडावं लागलं, आणि वर आलेल्या हीलरांची दाणादाण उडाली. तक्रारी एवढ्या झाल्या की जानेवारी 2011 मध्ये प्रमुख सिस्टिम्स डिझायनर ग्रेग स्ट्रीट यांना त्यावर जाहीर लेख लिहावा लागला. सप्टेंबर 2013 मध्ये शेवटी ‘प्रूव्हिंग ग्राउंड्स’ आलं: एनपीसींची, म्हणजे गेमनेच चालवलेल्या कॅरेक्टरांची, पार्टी, तिला एकट्याने जगवा, ब्राँझ-सिल्व्हर-गोल्ड मिळवा. पुढच्या विस्तारात तर सिल्व्हरशिवाय रँडम हिरोइकच्या, म्हणजे अवघड डंजनच्या, रांगेत उभंच राहता येईना. हीलरला परीक्षा आली, तीही लेव्हलिंग संपल्यावर.

‘फायनल फँटसी 14’ची 2013 ची नवी आवृत्ती याबाबतीत जास्त शहाणी. तिथे मुख्य कथाच डंजनमधून जाते. पहिली तीन 15, 16 आणि 17 व्या लेव्हलला, चार जणांची, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. वरच्या लेव्हलचा खेळाडू खालच्या डंजनमध्ये आला तर त्याचीही लेव्हल खाली येते, त्यामुळे नवशिक्याचा हील खरोखर लागतो. एकट्याने मारता यावं म्हणून त्यांनी ‘क्लेरिक स्टान्स’ दिला होता: तो लावला की हील वाढवणारा आणि मार वाढवणारा आकडा एकमेकांच्या जागी जायचे. लावून मारायचं, काढून हील करायचं. काढायला विसरलात तर टँकच्या बारावर थेंब थेंब पडत राहायचे आणि बदलायचा तर काही सेकंद कळ दाबूनही चालायची नाही. 2017 मध्ये ही अदलाबदल गेली. त्याआधी 2016 मध्ये नवशिक्यांसाठी सरावाची वेगळी जागा आली, भूमिकेप्रमाणे धडे असलेली.

‘गिल्ड वॉर्स 2’ने 2012 मध्ये हीलर हा प्रकारच काढून पाहिला. प्रत्येकाला स्वतःचा एक हील, पडलेल्याला कोणीही उठवावं. तीन वर्षांनी रेड आल्या आणि ड्रुइड नावाच्या प्रकाराच्या रूपाने हीलर मागच्या दाराने परत आला.

सध्याचं उत्तर म्हणजे एनपीसी साथीदार. ‘फायनल फँटसी 14’मध्ये ते 2019 मध्ये ‘ट्रस्ट’ नावाने आले, ‘वॉरक्राफ्ट’मध्ये जानेवारी 2024 मध्ये. हीलर म्हणून एकट्याने डंजनमध्ये जावं, चुकावं, पार्टी आडवी पडली तर पुन्हा सुरू करावं. कोणी काढून टाकत नाही, कोणी उसासा टाकत नाही. जमिनीवर धोक्याचा गोल उमटला की साथीदार नीट बाजूला होतात, आणि त्यांच्या मागे मागे गेलं तरी निम्मं डंजन कळतं. स्पेल कधी सुरू करायचा, कोणता मोडायचा, हे सगळं तिथे निवांत जमतं. मग रांगेतून पहिला माणूस टँक भेटतो. चॅटवर आपण ‘मॅना संपलाय’ असं लिहीपर्यंत तो दोन टोळ्या गोळा करून तिसऱ्या खोलीत शिरलेला असतो.