इंजिन बंद पडलं की छोटं विमान दगडासारखं कोसळतं का?

'हौसेने घरी बांधलेल्या छोट्या विमानाचं इंजिन उड्डाण घेताना बंद पडलं, की ते दगडासारखं खाली येतं.' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. जुहूच्या धावपट्टीवरून छोटी विमानं उडताना पाहणाऱ्यालाही तो पटावा, कारण आवाज आणि जोर दोन्ही इंजिनाचेच जाणवतात.

पण विमानाला हवेत उचलून धरतात ते पंख. त्यांच्यावरून पुरेशा वेगाने हवा वाहत असेल तर विमान इंजिनाविनाही तरंगत उतरतं. अनेक छोटी विमानं 300 मीटर उंचीवरून अशी दोन किलोमीटरहून जास्त अंतर जातात.

मग अपघात का होतात? उड्डाणाच्या वेळी वेग कमी आणि नाक वर असतं. इंजिन थांबलं की काही सेकंदांत वेग आणखी घटतो. जमीन जवळ दिसल्यावर वैमानिकाचा हात आपोआप नियंत्रणाचा दांडा मागे ओढतो, आणि नाक आणखी वर जातं. पंख आणि समोरची हवा यांतला कोन साधारण 15 अंशांपलीकडे गेला की हवा पंखाला सोडते आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. सावरायला उंची उरलेली नसते. धावपट्टीकडे परत वळणं तर फारच घातक: 45 अंश कलून उंची राखत वळताना स्टॉलचा वेग (ज्याखाली गेलं की स्टॉल होतो तो) सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच लगेच नाक खाली करून जवळपास सरळ समोर उतरायला शिकवतात.

इंजिन व्यवस्थित चालू असतानाही स्टॉल होतो, विशेषतः शेपटीकडे वजन जास्त झालं तर.

पडताळायचं असेल तर कागदी विमान हलकेच सरळ सोडा, मग नाक खूप वर करून सोडा. इंजिन दोन्ही वेळा नाहीच.