पायाखालचा पाट आणि पोटरीतलं रहाटगाडगं

“पाय हलवू नकोस रे, लक्ष्मी जाते.” आत्याकडे जेवायला बसलं की हे वाक्य ठरलेलं. गेल्या महिन्यात मात्र माझं लक्ष तिच्याच पायांकडे गेलं. घरात नवं डायनिंग टेबल आलंय. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर आणि आत्याची उंची जेमतेम पाच फूट. एवढ्या उंचीच्या माणसाची गुडघ्यामागची खोबण जमिनीपासून साधारण ३८ सेंटिमीटरवर येते, म्हणजे तिचे पाय ७ सेंटिमीटर अधांतरी. दुपारभर तिथेच बसून भाजी निवडायची, मटार सोलायचे, फोनवर बोलायचं. संध्याकाळपर्यंत चपलेचा पट्टा पायात रुततो आणि घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडतो. हृदय आणि मूत्रपिंडं तपासून झाली, तिथे काही निघालं नाही. “पाय लोंबकळत ठेवून बसू नका,” एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

पायाखाली काहीतरी घ्यावं हे सगळ्यांनाच माहीत असतं. कारण विचारलं तर उत्तर येतं, पाय उंच केले की रक्त उतारावरून हृदयाकडे येतं. हे अर्धंच खरं आहे. द्रवाचा दाब त्याच्या स्तंभाच्या उंचीवर ठरतो, हे आपण शाळेत शिकलो. पारा रक्ताच्या सुमारे १३ पट जड, म्हणून १३ मिलिमीटर उंचीच्या रक्ताचा दाब १ मिलिमीटर पाऱ्याएवढा. स्तब्ध उभं राहिलं तर हृदयापासून घोट्यापर्यंतचा स्तंभ साधारण १२० सेंटिमीटर, म्हणजे घोट्याजवळच्या शिरेत ९० मिलिमीटरच्या आसपास दाब. खुर्चीत बसल्यावर हा स्तंभ ७० सेंटिमीटरचा होतो, दाब ५० ते ५५. आता जमिनीवर टेकलेल्या पायांखाली ७ सेंटिमीटरचा पाट सरकवा. किती कमी झाला? फक्त ५ मिलिमीटर. आत्याचे पाय तर आधीच तेवढे वर लोंबकळतात, तिचा तेवढाही नाही. बैठकीच्या उंचीचा मुढा घेतला तर तीसेक मिलिमीटर कमी होईल. दाब पुरता उतरवायचा तर आडवं पडून पाय हृदयाच्या पातळीच्या वर न्यावे लागतात.

मग ठेंगण्या पाटाने आराम का पडतो? त्यासाठी पोटरीत डोकवावं लागेल, आणि शरीरातली ही माझी सगळ्यात आवडती जागा आहे.

आधी एक प्रयोग करा. हात खाली सोडा, पंजाच्या पाठीवरच्या शिरा टरारून येतील. बोटांच्या बाजूने एका शिरेवर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तीच शीर मनगटाकडे पुसत न्या. मधला भाग सपाट होतो आणि सपाटच राहतो, वरचं रक्त खाली येत नाही. पहिलं बोट उचला, शीर क्षणात भरते. मध्ये झडप आहे, ती रक्ताला एकाच दिशेने जाऊ देते. इटलीतल्या पडुआच्या फाब्रिसियस या शरीररचनातज्ज्ञाने १६०३ साली या झडपांवर लिहिलं आणि त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ च्या ग्रंथात, दंडाला पट्टी बांधून असाच प्रयोग करून, रक्त फिरून हृदयाकडेच येतं हे दाखवलं.

पायाच्या शिरांमध्ये अशा झडपांची रांगच असते. पोटरीत खोलवर सोलियस नावाचा चपटा स्नायू आहे, त्याच्या पोटात शिरांचे रुंद, पिशवीसारखे कप्पे असतात. भोवती न ताणणाऱ्या पडद्याचं घट्ट वेष्टन. टाच उचलली की स्नायू आवळतो, वेष्टनामुळे बाहेर फुगू शकत नाही, म्हणून कप्पे पिळले जातात. खालच्या झडपा मिटतात, रक्त वर चढतं. टाच टेकली की रिकाम्या कप्प्यांत कातडीजवळच्या शिरांतलं रक्त ओढलं जातं. रहाटगाडग्यात प्रत्येक गाडगं आपापलं पाणी घेऊन वर येतं, वरच्या गाडग्यातल्या पाण्याचा भार खालच्यावर पडत नाही. तसाच इथे सलग स्तंभ मोडून त्याचे तुकडे होतात. म्हणूनच चालताना घोट्याजवळचा दाब ९० वरून ३० च्या खाली येतो. पाटाने ५ मिलिमीटर उतरले होते, इथे साठ उतरतात!

सूज का येते तेही यातच आहे. केशवाहिन्यांतलं पाणी दाबामुळे बाहेर झिरपतं आणि रक्तातली प्रथिनं ते आत ओढून धरतात. ही ओढ सुमारे २५ मिलिमीटरची. शिरेतला दाब तासन्‌तास तिच्या दुप्पट राहिला की झिरप जिंकते, आणि उरलेलं पाणी उपसणाऱ्या लसीकावाहिन्यांनाही ते आवरत नाही. जिराफाचे पाय एवढे लांब असूनही सुजत नाहीत, कारण त्यांच्यावरची कातडी मोज्यासारखी आवळ असते.

लोंबकळणाऱ्या पायांना टाच उचलायला आधार नसतो, त्यामुळे पंप बंद. शिवाय मांडीचा सगळा भार बैठकीच्या पुढच्या कडेवर येतो आणि गुडघ्यामागची शीर चेपते. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक आश्रयस्थानांत डेक-खुर्च्यांवर बसून रात्री काढत. फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू तेव्हा वाढल्याचं कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. मांडीखाली रुतणाऱ्या, खुर्चीच्या पुढच्या दांड्याकडे त्याने बोट दाखवलं होतं.

तर पाटाचं खरं काम दोन गोष्टींचं: मांडी कडेवरून उचलायची आणि तळव्याला रेटा द्यायला जमीन द्यायची. म्हणून पायटेकू निवडताना गादी किती मऊ आणि कापड कुठलं हे नंतर बघा. खुर्चीच्या उंचीतून गुडघ्यामागची उंची वजा करा, तेवढाच उंच घ्या. फार उंच घेतला तर गुडघे पोटाशी येतात. पाय लांब करून मुढ्यावर टाकायचे असतील तर आधार पोटरीलाही हवा, नुसती टाच टेकवली की गुडघा मागे ताणला जातो. एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल तर मात्र पाट शोधत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि लक्ष्मीचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात २०१६ साली ११ निरोगी तरुणांना तीन तास बसवून ठेवलं होतं. एक पाय मिनिटभर हलवायचा, चार मिनिटं थांबायचं, दुसरा अगदी स्थिर. स्थिर पायातल्या गुडघ्यामागच्या धमनीची रुंदावण्याची क्षमता घटली, हलणाऱ्या पायात ती सुधारली. पाय हलवणाऱ्या मुलांना दटावणं आपण आता तरी थांबवावं. आपल्याकडचा झोपाळा मला यासाठीच आवडतो, दर झोक्याला चवडा जमिनीला रेटा देतो.

आत्याच्या माळ्यावर जुना सागवानी पाट होता. पट्टीने मोजला, बरोबर ७ सेंटिमीटर. “जेवणाच्या पाटावर पाय?” ती म्हणाली. मी म्हटलं, “अगं, मंगलाष्टकांना तू पाटावरच उभी होतीस ना?” मग तिने पाय टेकले, आणि मटार सोलता सोलता टाचा वरखाली करायला मी शिकवलं. परवा तिचा फोन आला, चपलेचा पट्टा एक भोक आत घेतलाय म्हणाली.