भरीव ठोकळ्यातून कोरलेले इंजिन

इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर सामावणारा मुख्य भाग), हेड (सिलिंडरवरचे झाकण) किंवा क्रँकशाफ्ट (पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा दांडा) धातूच्या भरीव ठोकळ्यातून थेट कोरून काढणे ही कल्पना दीर्घकाळ उधळपट्टीची मानली गेली. ओतकामात वितळलेला धातू साच्यात ओतला की भाग जवळजवळ अंतिम आकारातच बाहेर येतो, घडाईत तापलेल्या धातूला डायच्या, म्हणजे कठीण साच्याच्या, दाबाने आकार मिळतो, आणि यंत्रकामासाठी उरतात ती भोके, बेअरिंगच्या जागा आणि एकमेकांवर टेकणारे पृष्ठभाग. ठोकळ्यातून कोरताना मात्र विकत घेतलेल्या धातूचा मोठा हिस्सा किसाच्या रूपाने यंत्राखाली जमा होतो. तरीही शर्यतीच्या इंजिनांचे ब्लॉक आणि टर्बोचार्जरची (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची) चाके आज अशा रीतीने बनतात, आणि त्यामागचे कारण कटरच्या धारेपेक्षा आकडेमोडीत अधिक सापडते.

धातू कापण्याची क्षमता पुष्कळ आधीच आलेली होती. जॉन विल्किन्सनने 1775 मध्ये दोन्ही टोकांना आधार दिलेल्या दांड्यावर हत्यार बसवून सिलिंडर आतून कातला, आणि जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला प्रथमच पुरेसा गोल सिलिंडर मिळाला. 1862 मध्ये ब्राउन अँड शार्पचे युनिव्हर्सल मिलिंग मशीन आले, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कटरसाठी हाय-स्पीड स्टील आले आणि 1920 च्या दशकात टंगस्टन कार्बाइड. अडचण होती ती वक्र पृष्ठभागांची. मिलिंग मशीनची हातचाके टेबलाला सरळ रेषेत नेतात. दोन किंवा तीन दिशांना एकाच वेळी, बदलत्या प्रमाणात चाल देणे माणसाच्या हाताला जमत नाही. म्हणून कारागीर आधी नमुना घडवी आणि कॉपी मिलिंग यंत्र त्यावरून स्पर्शकाची कांडी फिरवून त्याची नक्कल करी. नमुन्यातली चूक अर्थातच प्रत्येक नगात उतरे.

ही कोंडी फुटली ती इंजिनाच्या नव्हे, तर हेलिकॉप्टरच्या पात्यावरून. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स यांची कंपनी पाती बनवत असे. पात्याचा छेद तपासण्यासाठी लागणारी टेम्प्लेट (आकाराचे नमुना-साचे) मोजक्या बिंदूंवरून हाताने वक्र ओढून आणि कानस मारून तयार होत. पार्सन्स यांचे अभियंते फ्रँक स्ट्युलेन यांनी छिद्रित पत्त्यांवर चालणारे गणनयंत्र वापरून त्याच वक्रावरचे सुमारे दोनशे बिंदू काढले. मग एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने टेबल एका दिशेला सरकवायचे आणि तिसऱ्याने दुसऱ्या दिशेला, अशा पद्धतीने कटर बिंदूगणिक नेला गेला. संख्यात्मक नियंत्रणाची, म्हणजे आकड्यांवरून यंत्र चालवण्याची, सारी कल्पना या तिघांच्या कवायतीत आली होती. उरले होते ते माणसांच्या जागी मोटारी बसवणे.

1949 मध्ये पार्सन्स यांना अमेरिकी हवाई दलाचे कंत्राट मिळाले. भरीव धातूतून पंखांचे पत्रे त्यांच्या आधारपट्ट्यांसह एकसंध कोरायचे, ही त्यामागची गरज होती. नियंत्रणाचे काम एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठाच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेले आणि 1952 मध्ये तिथे छिद्रित पट्टीवरून आज्ञा घेणारे तीन अक्षांचे (तीन दिशांना चाल देणारे) मिलिंग मशीन दाखवण्यात आले. त्याच्या नियंत्रकात निर्वात नळ्या होत्या. पट्टी तयार करण्याची किचकट गणिते संगणकाकडे सोपवण्यासाठी डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली एपीटी ही यंत्राच्या आज्ञा लिहिण्याची भाषा आकाराला आली. 1959 मध्ये ती जाहीर करताना पाहुण्यांना या पद्धतीने कोरलेली ॲल्युमिनियमची रक्षापात्रे वाटण्यात आली. पुढे मायक्रोप्रोसेसरमुळे संगणक यंत्राच्या पेटीतच बसला. दरम्यान रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारीच्या वक्र पृष्ठभागांची गणिती मांडणी केली, त्यामुळे पडद्यावरचा आकार आणि कटरचा मार्ग एकाच भाषेत बोलू लागले.

इंजिन बनवणाऱ्याला यातून सर्वांत मोठी सवलत मिळाली ती पॅटर्न (ओतकामाचा साचा घडवण्याचा नमुना) आणि डाय यांपासून सुटकेची. पोर्टचा (हेडमधल्या हवेच्या वाटेचा) वक्र बदलायचा तर फाइल बदलावी, पुढचा ठोकळा चढवावा. दाबलेल्या किंवा लाटलेल्या धातूत ओतकामातली वायूची छिद्रे सहसा नसतात, हा आणखी एक लाभ. पण मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. ओतकामात वाळूचा गाभा ठेवून पाण्याच्या वळणदार वाटा आतच घडतात. कटर जिथे बाहेरून पोहोचत नाही तिथे तो काहीच करू शकत नाही, म्हणून अशा वाटा उघड्या कोराव्या लागतात आणि नंतर झाकणांनी किंवा वेल्डिंगने बुजवाव्या लागतात. टॉप फ्युएल ड्रॅगस्टरच्या (सरळ, छोट्या अंतराच्या शर्यतीतील गाडीच्या) कोरीव ब्लॉकमध्ये आणि हेडमध्ये पाण्याच्या वाटाच नसतात, कारण त्या इंजिनाची धाव काही सेकंदांची असते आणि त्याला हे परवडते.

क्रँकशाफ्टच्या बाबतीत कोरलेला तो अधिक मजबूत, असे सरसकट म्हटले जाते, ते मात्र जपून घ्यावे. घडाईत धातूचे तंतू शाफ्टच्या वळणांबरोबर वळतात, तर सरळ दांड्यातून कोरताना ते वळणावर कापले जातात. दांड्याच्या पोलादाचा दर्जा आणि उष्णतोपचार उत्तम असले तर ही उणीव भरून निघते, एवढेच.

तीन सरळ चालींच्या जोडीला दोन दिशांनी तिरपे होऊ शकणाऱ्या, म्हणजे पाच अक्षांच्या, यंत्रांचा खरा कस टर्बोचार्जरमधल्या हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या चाकांवर लागतो, कारण दोन पात्यांमधल्या अरुंद, पिळदार फटीत कटरला तिरपे होत शिरावे लागते. जनरल इलेक्ट्रिकच्या टी700 या हेलिकॉप्टरच्या गॅस टर्बाइन इंजिनातही कॉम्प्रेसरची चकती आणि पाती एकाच तुकड्यातून काढली गेली, आणि पाती चकतीत खोवण्याच्या खाचा गेल्या. गंमत अशी की टर्बोच्या चाकासाठी घेतलेला ॲल्युमिनियमचा ठोकळाही बहुधा आधी घडाई करूनच आणलेला असतो.