एचआयव्ही स्थिती : निदान व प्रकटीकरण

एचआयव्हीचा संसर्ग आहे की नाही हे चाचणीने जाणून घेणे म्हणजे निदान आणि ते दुसऱ्याला कळवणे म्हणजे प्रकटीकरण. भारतात दोन्हींचे नियम २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्यात आहेत. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसीमध्ये, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, तपासणी मोफत होते. आधी समुपदेशन आणि संमती, मग रक्त. पहिली जलद चाचणी नॉनरिअॅक्टिव्ह आली, म्हणजे किटने प्रतिक्रिया दाखवली नाही, की अहवाल निगेटिव्ह. रिअॅक्टिव्ह आली तर त्याच नमुन्यावर वेगळ्या किटने आणखी दोन चाचण्या होतात आणि तिन्ही रिअॅक्टिव्ह असतील तरच ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. एकाच पट्टीवरून कुणाला पॉझिटिव्ह सांगणे ही गंभीर चूक आहे. उलट बाजूने, संसर्गानंतर तीन महिन्यांपर्यंत, म्हणजे विंडो पिरियडमध्ये, चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे लग्नाआधी मागवलेल्या एका ‘रिपोर्ट’वर निर्धास्त राहता येत नाही.

संसर्ग कधी आणि कुणाकडून झाला, हे ही चाचणी सांगत नाही. गरोदरपणात तपासणी होत असल्याने अनेकदा पत्नीचे निदान पतीच्या आधी होते. सासरचे त्यावरून ‘हिनेच आणला’ असा निष्कर्ष काढतात. त्याला वैद्यकीय आधार काहीच नाही. म्हणून जोडप्याने समुपदेशकासमोर एकत्र तपासणी करून एकत्र निकाल ऐकणे श्रेयस्कर.

१९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्हीबाधित म्हणून पोलिसांनी नेऊन म्हापशाच्या जुन्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये ६४ दिवस कोंडले. रक्तदानातून निदान झाले होते, पण ते त्यांना स्वतःला कुणी सांगितलेच नव्हते. आजच्या कायद्यात, काही अपवाद वगळता, संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि नोकरीची अट म्हणूनही ती लादता येत नाही. जोडीदाराला परस्पर कळवण्याची मुभा फक्त डॉक्टर व समुपदेशक यांना आहे, तीही अटींवर : जोडीदाराला मोठा धोका असावा, रुग्णाला आधी समजावलेले असावे, तरी तो सांगणार नाही अशी खात्री झालेली असावी आणि आपण कळवणार हे त्याला सांगितलेले असावे. स्त्रीला मारहाणीची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल तर तिच्या पतीला कळवता येत नाही. ‘जोडीदार’ म्हणजे पती, पत्नी किंवा विवाहसदृश नात्यातील व्यक्ती. सासू-सासरे, मालक, घरमालक त्यात नाहीत.

बहुतेक वेळा गुपित फुटते ते मात्र क्षुल्लक कारणांनी : खाटेवर लावलेली पाटी, एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, नोंदवलेला घरातल्या दुसऱ्याचाच मोबाइल क्रमांक, व्हॉट्सॲपवर फिरलेला अहवाल. नोंदणीवेळीच स्वतःचा क्रमांक आणि कोणत्या वेळी फोन चालेल हे सांगावे.

जोडीदाराला सांगताना उपचाराची माहिती सोबत असली तर बोलणे सोपे जाते. रोजच्या गोळ्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, चाचणीत न सापडण्याइतका खाली येऊन तसाच टिकला, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. संसर्गाचा धोका असलेला संबंध नुकताच आला असेल तर जोडीदाराने ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, प्रतिबंधक औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचे असते.

मुलांना त्यांचे स्वतःचे निदान सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान टप्प्याटप्प्याने सांगावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आधी ‘रक्तात एक विषाणू आहे, गोळी त्याला झोपवते’, नाव नंतर. ‘ताकदीची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षे चालवले, तर मूल एक दिवस डबीवरचे नाव मोबाइलवर शोधते आणि अनेकदा गोळ्याच सोडते.