मिनिटाच्या सरासरीत हरवलेली धाव

'आजकालची मुले हलतच नाहीत' हे वाक्य सोलापुरात घरोघरी ऐकू येते आणि नोव्हेंबर 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी त्याला आकड्याचा आधारही दिला. 146 देशांतील 11 ते 17 वर्षे वयाच्या सुमारे 16 लाख शाळकरी मुलामुलींच्या माहितीवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की 2016 मध्ये 81 टक्के मुलांची शारीरिक हालचाल अपुरी होती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 78 टक्के, तर मुलींमध्ये 85 टक्के होते. भारताचा आकडा सुमारे 74 टक्के होता. आकडा लक्षात राहतो, तो मोजला कसा हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा आकडा मुलांनी प्रश्नावलीत दिलेल्या उत्तरांवर उभा आहे. गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस तुम्ही एकूण 60 मिनिटे तरी हालचाल केली, असे विचारायचे आणि सातही दिवस न भरल्यास ती हालचाल अपुरी धरायची, अशी ती पद्धत. सहा दिवस मैदान गाजवून रविवारी आजोळी गेलेला मुलगाही त्यात अपुराच ठरतो. संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही रोजची अट आठवड्याच्या सरासरीवर आणली गेली. शिवाय दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपण काल किती मिनिटे पळालो हे आठवत नाही, म्हणून संशोधक कमरेच्या पट्ट्यावर त्वरणमापक, म्हणजे वेगातील बदल मोजणारे छोटे यंत्र, बांधतात.

या उपकरणाच्या चिपमध्ये सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच नाजूक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. मुलाने उडी मारली, की चिपचे कवच त्याच्याबरोबर सरकते, पण जडत्वामुळे तो तुकडा क्षणभर मागे राहतो. त्याच्या आणि शेजारच्या पट्ट्यांमधील अंतर बदलते, अंतर बदलले की विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि तो बदल सेकंदाला तीस किंवा अधिक वेळा नोंदवला जातो. माणसाच्या हालचालीपेक्षा फार जलद किंवा फार संथ असलेली कंपने गाळून उरलेल्यांची बेरीज केली, की 'काउंट' मिळतात. ही बेरीज किती सेकंदांची करायची, या कालखंडाला 'इपॉक' म्हणतात आणि सगळी मेख तिथेच आहे.

विजापूर रोडवरच्या एका मैदानावर मुलींचा खो-खोचा सराव चालू असताना मी घड्याळ लावून बसलो होतो. एक मुलगी उठली, जीव तोडून धावली, खांबाला वळसा घालून आली, बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणाली आणि तिच्या जागी बसली. सात सेकंद. पुढची पाच सेकंदांत बसली, त्यापुढची चार. मुलांच्या हालचालीची चालच अशी असते. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात 6 ते 10 वर्षांच्या मुलांच्या जोरदार हालचालीच्या कालावधीचा मध्यक (अर्ध्या हालचाली त्याहून छोट्या, अर्ध्या मोठ्या) अवघा 3 सेकंद निघाला आणि अशा 95 टक्के हालचाली 15 सेकंदांच्या आत संपल्या.

आता हिशेब पाहू. मुलांसाठी 2008 मध्ये मांडलेल्या आणि बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या मर्यादांनुसार 15 सेकंदांत 574 काउंट झाले तर हालचाल मध्यम आणि 1,003 झाले तर जोरदार समजतात. मिनिटाचा हिशेब केल्यास याच मर्यादा 2,296 आणि 4,012 होतात. समजा, आपल्या खेळाडूने पहिल्या 15 सेकंदांत 1,300 काउंट मिळवले आणि पुढच्या तीन तुकड्यांत बसून 50, 30 आणि 40. पंधरा सेकंदांच्या इपॉकमध्ये तिची जोरदार धाव स्पष्ट दिसते. मिनिटाच्या इपॉकमध्ये बेरीज 1,420 होते आणि ते पूर्ण मिनिट 'हलकी हालचाल' म्हणून नोंदवले जाते. उलटही घडते: 1,200, 1,150, 40 आणि 30 मिळून 2,420 झाले, तर अर्धे मिनिट बसलेल्या मुलीच्या खात्यावर पूर्ण मिनिट मध्यम हालचाल जमा होते. मूल तेच, मैदान तेच; बदलली ती फक्त बेरजेची लांबी. म्हणून दोन देशांच्या आकड्यांची तुलना करण्याआधी इपॉक विचारलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मनगटी पट्ट्यांच्या जाहिरातींतील 'रोज 10,000 पावले' हा मंत्र तर 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. तो कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून निघालेला नव्हता, आणि पालकांनी त्यावरून मुलांना धारेवर धरू नये.

देशाचे मूल्यमापन केवळ मिनिटांवर होत नाही. कॅनडाने 2005 मध्ये सुरू केलेल्या आणि भारतात 2016 पासून निघणाऱ्या, मुलांच्या हालचालीच्या राष्ट्रीय प्रगतिपुस्तकात खेळ, शाळेपर्यंतचा प्रवास, बैठा वेळ, कुटुंब, शाळा, परिसर, शासन अशा निर्देशकांना 'ए' ते 'एफ' श्रेणी देतात. ऋतूचाही विचार हवा: पारा चाळिशी ओलांडतो त्या मे महिन्यात सोलापुरात घेतलेला आठवडा आणि गड्ड्याच्या जत्रेच्या जानेवारीत घेतलेला आठवडा एकाच मुलाची दोन वेगळी चित्रे दाखवतील.

कमरेवरच्या यंत्राला काही गोष्टी कळतच नाहीत. सायकलवर कंबर फारशी हलत नसल्याने शाळेपर्यंत मारलेली पायडले त्यात फार कमी उमटतात. नळाला पाणी आलेल्या सकाळी भरलेली घागर कमरेवर घेऊन जिना चढणारी मुलगी रिकाम्या हाताने चढणारीपेक्षा कितीतरी अधिक श्रम करते; पण ओझ्याने तिची चाल संथ होते आणि यंत्र तिच्या खात्यावर उलट कमी काउंट लिहिते.